तिसरा श्वास

खोलीत तिसरा माणूस होता असं मशीनने सांगितलं, तेव्हा शाल्मली नेर्लेकर मोठ्याने हसली.

"फरीदा, तुझ्या मशीनला भास व्हायला लागलेत. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो, मी आणि सर. तिसरा असलाच तर छताचा पंखा."

फरीदा मुजावर हसली नाही. मिरजेची ही मुलगी ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आली होती आणि तिच्या मशीनची कुणी थट्टा केली की तिच्या कपाळावर आठी चढायची. तिने पडदा शाल्मलीकडे वळवला. त्यावर तीन रेषा वरखाली होत होत्या. एक निळी, एक हिरवी आणि तळाशी एक करडी.

"निळी तुमची. हिरवी उपळेकर सरांची. ही करडी कुणाची ते मला माहीत नाही. पण मॅडम, पंखा कधी श्वास आत घेऊन बाहेर सोडत नाही."

मशीनचं नाव श्वासलेख. कल्पना तशी साधी होती. बोलणारा वाक्यावाक्यांच्या मध्ये श्वास घेतो, ऐकणाराही घेतच असतो. प्रत्येकाचं नाक वेगळं, घसा वेगळा, छातीचा पिंजरा वेगळा, त्यामुळे हवेच्या येण्याजाण्याचा आवाजही ज्याचा त्याचा असतो. आपल्या कानांना तो जाणवत नाही, पण मायक्रोफोनच्या तावडीतून सुटत नाही. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये जी खरखर म्हणून आपण सोडून देतो, तिच्यातून हे एकेक श्वास वेगळे काढायला फरीदाचा प्रोग्रॅम शिकला होता.

खरी गंमत त्याच्या पुढे होती. एक माणूस दुसऱ्याचं मनापासून ऐकायला लागला, की थोड्या वेळात त्याचा श्वास बोलणाऱ्याच्या श्वासाबरोबर चालायला लागतो. हे ठरवून होत नाही, ठरवायला गेलं तर बिघडतं. मान डोलावता येते, 'हं, हं' करता येतं, अगदीच पोचलेला असेल तर डोळ्यांत पाणीही आणता येतं. पण श्वासाचं सोंग पाच मिनिटांवर टिकत नाही. या जुळण्याला श्वासलेख शंभरपैकी एक आकडा द्यायचा. त्या आकड्याला ही मंडळी 'संगत' म्हणायची.

आता समुपदेशक मंडळाला आकड्यांचं भारी वेड. पुढच्या वर्षापासून, म्हणजे २०४२ पासून, ज्याची संगत साठच्या खाली त्याच्या परवान्याचं नूतनीकरण होणार नाही, असा फतवा मंडळाने काढला. राज्यभरच्या थेरपिस्टांनी आरडाओरडा केला आणि त्यात कराडच्या शाल्मलीबाईंचा आवाज सगळ्यांत वरचा होता. शेवटी तिने पैज मारावी तसं सांगून टाकलं, "ज्या माणसाने मला बरं केलं त्याला आधी मोजून दाखवा. माझ्या स्वतःच्या टेपा देते. त्यांना नव्वदच्या खाली आकडा आला तर मशीन नेऊन कृष्णेत टाका."

टेपा होत्या अकरा. २०१७ सालच्या. तेव्हा शाल्मली एकोणीस वर्षांची होती आणि साताऱ्याला डॉ. दिगंबर उपळेकरांकडे पेशंट म्हणून जात होती.

"किती आला सरांचा?" तिने विचारलं.

फरीदाने पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "चौतीस."

"आणि त्या करड्याचा?"

"एक्क्याण्णव."

फरीदा पुढे सांगत राहिली, कारण आकडे सांगताना तिला धीर यायचा. पहिल्या तीन टेपांमध्ये दोनच श्वास आहेत. चौथीपासून शेवटपर्यंत तीन. तिसरा जरा लांबून येतोय, मध्ये काहीतरी कापडासारखं आहे. नवव्या टेपेत मात्र थोडा घोटाळा आहे, सदतिसाव्या मिनिटाला ही करडी रेषा अकरा सेकंद सपाट आहे. "श्वासच नाही. आमच्याच प्रोग्रॅमची चूक असेल, मी दुरुस्त करते."

"नुसता तो श्वास ऐकवता येईल?"

फरीदाने बाकीचं सगळं बंद करून करडी रेषा मोठी केली. हवा बाहेर जाताना शेवटी एक बारीक शीळ, मग थोडं थांबणं, मग दोन टप्प्यांत आत येणारा श्वास. शाल्मलीने तीन वेळा ऐकला. कुठेतरी ऐकलाय, एवढंच तिला वाटत राहिलं.

*

शाल्मलीच्या पद्धतीबद्दल इथे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

तिच्या खोलीत कोच नव्हता, समोरासमोर खुर्च्या नव्हत्या. एक चटई, चटईवर पितळेची मोठी परात, परातीत तांदूळ आणि शेजारी खड्यांसाठी स्टीलची वाटी. येणारा एका बाजूला बसायचा, शाल्मली दुसऱ्या बाजूला, आणि दोघं तांदूळ निवडायची. ही पद्धत उपळेकर सरांची. सर म्हणायचे, माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं की तो उत्तर तयार करतो. त्याच्या हाताला काम दिलं, नजर खाली राहिली, की आपसूक बोलतो. घरोघरच्या बायका हे कधीपासून करत आल्या होत्या, सरांनी फक्त त्याची फी घ्यायला सुरुवात केली. आताशा निवडावा लागेल असा तांदूळ बाजारात मिळत नाही, तेव्हा शाल्मली स्वच्छ तांदळात नदीकाठचे बारीक खडे स्वतःच मिसळायची. एवढी लबाडी तिने स्वतःला माफ केली होती.

पद्धतीचे नियम दोन. पहिला, खोलीत दोघंच. इथला शब्द उंबऱ्याबाहेर जाणार नाही. मंडळाच्या नियमपुस्तकात हे कलम शाल्मलीनेच लिहून घातलं होतं. दुसरा नियम तिचा स्वतःचा होता: वाट पाहा. ज्याने दुखावलं त्याच्या मागे लागू नका, निरोप पाठवू नका, आठवण करून देऊ नका. आपण आतून सुटलो की समोरचा माणूस एक दिवस आपणहून येतो.

हे ती पुस्तकातून शिकली नव्हती. ती सतरा वर्षांची असताना तिची धाकटी बहीण पियू कालव्यात बुडाली. शाल्मली काठावर होती. पियूला घरी आणलं त्या संध्याकाळी आईने शाल्मलीकडे बघून म्हटलं, "पाण्यात ती का गेली? तू का नाही गेलीस?" त्यानंतर शाल्मलीचं खाणं तुटलं, बोलणं तुटलं, कॉलेज सुटलं. दोन वर्षांनी कुणीतरी सरांचं नाव सुचवलं. नवव्या खेपेला, तांदूळ निवडता निवडता, तिने ते वाक्य पहिल्यांदा उच्चारलं. मायलेकींशिवाय जगात फक्त सरांना ते माहीत झालं.

आणि तिसऱ्या दिवशी आई पोळ्या लाटत असताना एकदम थांबली. तिने गॅस बंद केला, पिठाचे हात तसेच घेऊन शाल्मलीच्या समोर येऊन बसली आणि म्हणाली, "शालू, त्या दिवशी मी तुला जे बोलले ते आईने बोलायचं नसतं. मला माफ कर." कुणी सांगितलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं. त्या दिवशी शाल्मली दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवली. पुढे शिकली, थेरपिस्ट झाली, आणि तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तिने कधी ना कधी ही स्वयंपाकघरातली गोष्ट सांगितली.

*

फरीदाच्या मिरजेतल्या प्रयोगशाळेतून ती दुपारी घरी पोचली. खाली तिचं समुपदेशन केंद्र, वरती घर. आई खिडकीशी आरामखुर्चीत वर्तमानपत्र छातीवर घेऊन डुलकी काढत होती. शाल्मली पाण्याची बाटली घ्यायला तिच्याजवळून गेली आणि जागीच थांबली.

बारीक शीळ. मग थांबणं. मग दोन टप्प्यांत आत येणारा श्वास.

लहानपणी याच श्वासाशेजारी ती बारा वर्षं झोपली होती. आईला न उठवता ती जिना उतरली आणि गाडी काढली.

*

उपळेकर सर एक्क्याऐंशीचे झाले होते. वाईला घाटापासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर. ओसरीवर बसून ते अडकित्त्याने सुपारी कातरत होते. शाल्मलीने फरीदाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसून तो सावकाश वाचला.

"चौतीस? मला वाटलं होतं मी त्याहून बरा असेन."

"सर, तुमच्या खोलीतल्या त्या पडद्यामागे आई होती."

"होती."

कराडपासून वाईपर्यंत ती त्यांच्या नकाराची तयारी करत आली होती. 'होती' म्हटल्यावर काय बोलायचं, ते तिने ठरवलंच नव्हतं.

सरच बोलले. "तीन खेपा तू आलीस, परातभर तांदूळ निवडलेस आणि 'येते' म्हणून गेलीस. वजन अडतीस किलो. आई बाहेर बाकावर पदराचा बोळा तोंडात धरून बसायची. तिला विचारलं, तुम्ही हिला काही बोललात का? म्हणाली, नाही हो, मी कशाला काय बोलीन! आणि खोटं बोलत नव्हती, मला माणसं कळतात. म्हटलं, आईला स्वतःच्या कानांनीच ऐकू दे. खोलीला लागून सामानाची कोठी होती, मध्ये पडदा. तिथे तिला बसवली."

"मला विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग काय करायचं होतं मी? तुझ्या मयताला यायचं होतं? आणि तो चौतीस आकडा, त्याचंही ऐक. माझं अर्धं लक्ष पडद्याकडे असायचं. ती हुंदका देईल, तुला कळेल, या धास्तीने मी तासभर घामाघूम असायचो."

शाल्मलीने हात मांडीखाली दाबून धरले. "बरं. मी मेले असते, तुम्ही वाचवलंत. त्याचं मी तुमच्याशी भांडत नाही. पण पुढे? बारा वर्षांपूर्वी पुण्याच्या अधिवेशनात मी ती गोष्ट सांगितली, तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत होतात. तुम्ही डोळे पुसलेत, सर. मी पाहिलं होतं. माणूस आपणहून येतो, वाट पाहा, असं मी सोळा वर्षं लोकांना सांगतेय. त्यातलं 'आपणहून' खोटं आहे हे या जगात दोघांना ठाऊक होतं, आणि दोघंही टाळ्या वाजवत होतात!"

सरांनी अडकित्ता खाली ठेवला. "तुझ्यानंतर पुन्हा कधी कुणाला पडद्यामागे बसवलं नाही. भीती बसली होती. म्हणून तर 'खोलीत दोघंच' हा नियम केला."

"म्हणजे नियम मला शिकवलात, आणि अपवाद माझ्यापासून लपवलात."

"सांगणार होतो. आधी तू नाजूक होतीस. मग तू शिकत होतीस. मग तू एवढं उभं केलंस त्याच्यावर, की सांगायचं म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. फरीदाचा कागद तिच्याकडे सरकवत म्हणाले, "त्या टेपा तुझ्या आहेत. तू परवानगी मागे घेतलीस तर मंडळापर्यंत काही जाणार नाही. शेवटी पेशंटची गुप्तता आहे."

"आज आठवली गुप्तता?" ती म्हणाली आणि उठली.

गेल्या चोवीस वर्षांत सरांच्या घरून ती नमस्कार केल्याशिवाय निघाली नव्हती. ती चपला घालायला वाकली तेव्हा सवयीने सरांचा हात आशीर्वादाला वर आला. ती तशीच पायऱ्या उतरून गेली आणि त्यांचा हात थोडा वेळ तिथेच राहिला.

*

ती घरी आली तेव्हा आई आरामखुर्चीत नव्हती. जेवायच्या टेबलाशी हात जोडून ताठ बसली होती.

"सरांचा फोन आला होता," आई म्हणाली.

"म्हणजे आजही मी यायच्या आधी तुमचं बोलणं झालंच."

आईने मान खाली घातली. शाल्मलीने समोरची खुर्ची ओढली, पण बसली नाही. तिला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो अगदीच साधा. "आई, तू माझी माफी मागितलीस ती मी सांगितलेलं चोरून ऐकून मागितलीस."

"हो."

"मला वाटत होतं तुला ते वाक्य जाळत असेल. माझ्यासारखंच. दोन वर्षं तूही मनात घेऊन बसली असशील आणि एक दिवस राहवलं नसेल. मी त्याच्यावर जगले, आई."

आईने टेबलावरचा एक डाग बोटाने घासला. मग ती जे बोलली, त्याची शाल्मलीने कल्पनाही केली नव्हती. "मला आठवतच नव्हतं गं. त्या दिवसाचं काहीच आठवत नाही मला. कोण आलं, कुणी पाणी दिलं, काही नाही. पडद्यामागे बसून तुझं ऐकत होते तेव्हा आधी वाटलं, ही कुणा दुसऱ्या बाईबद्दल बोलतेय. मग तू ते वाक्य म्हणालीस. माझा आवाज काढून म्हणालीस. तेव्हा कळलं मी बोलले असणार."

म्हणजे मशीन चुकलं नव्हतं. नवव्या टेपेतल्या त्या अकरा सेकंदांत दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

"आठवत नव्हतं तर माफी कशाची मागितलीस?"

"तुला आठवत होतं ना."

शाल्मलीतल्या थेरपिस्टला ते वाक्य आवडलंसुद्धा असतं, दुसऱ्या कुणाच्या आईने म्हटलं असतं तर. तिच्या डोक्यात मात्र वेगळाच हिशोब चालला होता. सरांनी पडदा ओढला नसता तर आईला कधीच कळलं नसतं. म्हणजे आपण नियम पाळत, वाट पाहत बसलो असतो तर आई कधीच आली नसती.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? मी माईकवरून सांगत होते तेव्हा?"

"पहिल्यांदा फार लाज वाटली. मग..." आई ओशाळून म्हणाली, "मग तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की मलाच खरं वाटायला लागलं. मी आपणहून आले होते, असंच."

शाल्मली खालच्या मजल्यावर जाऊन बसली. तिच्या कपाटात आजवर आलेल्या माणसांच्या फायली होत्या. एकशे त्रेचाळीस. प्रत्येक फाइलमध्ये, कुठल्या दिवशी गोष्ट सांगितली, त्याची तिच्याच अक्षरात नोंद होती. एका गृहस्थाला तिने वडिलांची वाट पाहायला सांगितलं होतं. त्यांनी चार वर्षं पाहिली आणि वडील गेले. तेव्हा तिने त्यांना म्हटलं होतं, वाट पाहणं वाया जात नाही. आता ते आठवून तिला स्वतःची शिसारी आली.

तिने फरीदाला फोन केला. "अहवाल आहे तसा मंडळाला पाठव. परवानगी मी मागे घेत नाही."

"मॅडम, त्यात सरांचं नाव येईल. तुमच्या आईंचं पण."

"माझंही येईल. पाठव."

*

दुसऱ्या दिवशी मंगळवार. अकरा वाजता उज्ज्वला मोहिते आल्या. बावन्न वर्षांच्या, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, वेळेच्या पक्क्या. त्यांची मुलगी जुई कॅनडात हॅलिफॅक्सला असे. तिच्या लग्नावरून दोघींचं बिनसलं होतं आणि विमानतळावर बाईंच्या तोंडून नको ते गेलं. आठ महिने झाले, जुई बोलत नव्हती. सहा महिन्यांपूर्वी बाई इथे आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "मी तिला फोन लावू का? फक्त चुकले म्हणते." शाल्मलीने त्यांना स्वयंपाकघरातली गोष्ट सांगितली होती. बाईंनी ती वहीत उतरवून घेतली होती, तारखेसकट.

आज शाल्मलीने परातीला हात लावला नाही.

"बाई, मला तुम्हाला काही सांगायचंय. माझ्या आईची गोष्ट खरी नव्हती." आणि तिने सगळं सांगितलं. पडदा, कोठी, टेपा, मशीन. सांगताना तिने काही सौम्य केलं नाही. शेवटी म्हणाली, "माझी आई आपणहून आली नव्हती. तिला कळावं अशी सोय कुणीतरी केली होती. मी तुम्हाला थांबवायला नको होतं. जुईला फोन करा. आत्ता करा, मी बाहेर जाते हवं तर."

उज्ज्वलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. वर्गात एखाद्या मुलीची कॉपी पकडल्यावर बघत असतील तशा. मग त्यांनी पिशवीतून फोन काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन परातीच्या काठाशी ठेवला.

पलीकडून इंग्रजीत एक शांत बाई बोलली. हा क्रमांक आता वापरात नाही.

बाईंनी पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"दुसरा नंबर असेल," शाल्मली घाईने म्हणाली. "मैत्रीण, तिचं ऑफिस, तिचा नवरा... आपण शोधू."

"दिवाळीपर्यंत या नंबरावर तिचा फोटो दिसायचा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "रोज सकाळी उघडून बघायचे मी. एकदा तिने फोटो बदलला, आकाशकंदिलाखाली उभी होती. कंदील घरी केलेला होता, आमच्याकडे करतो तसा. तेव्हा बोट नेलं होतं नावापर्यंत. मग तुमची आई आठवली. म्हटलं नको, आपण थांबायचं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी फोटो गेला."

"बाई, माझं चुकलं."

"तिने तो कंदील मला दाखवायला लावला असेल का हो?"



उज्ज्वलाबाईंनी फोन पिशवीत टाकला. उठता उठता त्यांची नजर परातीवर गेली. वाकून त्यांनी चिमटीत एक खडा उचलला. "हेसुद्धा तुम्हीच घालता ना यात? मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तांदूळ गिरणीचा आणि खडे नदीचे, भूगोल शिकवते मी. म्हटलं असेल काही पद्धत, बाई शिकलेल्या आहेत." त्यांनी खडा पुन्हा तांदळात टाकला. "तुमच्या सरांनी तुम्हाला फसवलं ते निदान तुमचा जीव वाचवायला. तुम्ही मला कशासाठी थांबवलंत?"

त्या गेल्या. दार त्यांनी हळूच लावून घेतलं, ते आपटलं असतं तर शाल्मलीला बरं वाटलं असतं.

बऱ्याच वेळाने तिने कपाटातून पहिली फाइल काढली. एकशे बेचाळीस माणसांना हेच सांगायचं होतं, एकेकाला, समोर बसवून. तिने नंबर शोधला, पण लावला नाही. फाइल मांडीवर ठेवून ती परातीशी बसली आणि स्वतःच घातलेले खडे एकेक करून वेचायला लागली.

जिन्यावर पावलं वाजली. आई खाली आली. या केंद्रात आई सोळा वर्षांत कधी खाली आली नव्हती, तसा नियमच होता. ती दारात क्षणभर घुटमळली, मग गुडघ्यावर हात टेकत चटईवर बसली, परातीच्या पलीकडच्या बाजूला. तिने तांदूळ स्वतःकडे ओढले आणि मान खाली घालून निवडायला सुरुवात केली.

एक खडा वाटीत पडला. मग दुसरा. शाल्मलीला वाटलं, आता आईचा हात धरावा. तिने हात पुढेही केला. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुला कुणी सांगितलं खाली यायला?"

आईचा हात थांबला.

"कुणी नाही, शालू. आपणहून आले."

शाल्मलीने हात मागे घेतला आणि ती खाली बघत, कान देऊन, आईचा श्वास ऐकत राहिली.